सल्ला : "डॉक्टर फोनवर आहेत, तू फिलर करून टाक"

पत्र

ताई, मी नर्स आहे. सहा वर्षं आयसीयूत काढली. रात्रपाळ्या झेपेनाशा झाल्या, म्हणून गेल्या वर्षी एका स्किन क्लिनिकमध्ये लागले. सुरुवातीला पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणं), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं), लेसर एवढंच होतं. मग डॉक्टरांनी बोटॉक्स शिकवलं, दोन दिवसांच्या कोर्सला पाठवलं आणि आता फिलरही, म्हणजे ओठ-गाल भरायची इंजेक्शनंही, मीच देते. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात, एरवी फोनवर असतात. मागच्या महिन्यात एक तरुण मुलगी आली. पाच महिन्यांत तिसऱ्यांदा तिला ओठांत फिलर हवं होतं. मी नाही म्हटलं. ती रडत गेली, मॅनेजर माझ्यावर चिडल्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सिस्टरने तिला इंजेक्शन दिलं. माझा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला तो गेलाच. जुन्या मैत्रिणी म्हणतात, "आयसीयू सोडून सुरकुत्या घालवत बसलीस, हे काय नर्सिंग?" माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणतात, मलाही हे काम मनापासून आवडतं. पण फिलर दिलेल्या दिवशी रात्री झोप लागत नाही. मी हे काम सोडू का?

— झोप उडालेली एक सिस्टर

उत्तर

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. मीही वॉर्डातूनच या कामात आले आणि बरीच वर्षं हेच केलं, त्यामुळे तुझं पत्र वाचताना क्लिनिकची ती खोली माझ्या डोळ्यासमोर उभी राहिली.

काम सोडू नकोस. फिलर मात्र उद्यापासून थांबव आणि डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत हातात घेऊ नकोस. तू लिहितेस की झोप "फिलर दिलेल्या दिवशी" लागत नाही. बोटॉक्सच्या दिवशी लागते, पीलच्या दिवशी लागते. तू घाबरट असतीस तर आयसीयूत सहा वर्षं टिकली नसतीस. तुझ्या मनाने धोका बरोबर ओळखलाय. तो नेमका कुठे आहे हे तुला स्पष्ट दिसावं म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

क्लिनिकमध्ये बहुतेक वेळा वापरलं जाणारं फिलर म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडची जेल. ती त्वचेखाली बसली तर काम छान होतं. पण सुईचं टोक धमनीत असताना प्लंजर दाबला गेला, तर जेल रक्ताबरोबर पुढे जाते आणि बारीक फांद्यांमध्ये अडकते. त्या फांदीवर जगणाऱ्या त्वचेचा रक्तपुरवठा बंद पडतो. त्यात चेहऱ्याची रचना अशी, की भुवयांच्या मधल्या भागातल्या आणि नाकावरच्या धमन्या आत डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या आहेत. दाब जास्त पडला तर जेल प्रवाहाच्या उलट दिशेने आत ढकलली जाते, दाब सुटला की प्रवाहाबरोबर पुढे रेटिनाकडे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याकडे जाते. २०१५ साली त्वचाशल्यचिकित्सेच्या एका नियतकालिकात जगभरातल्या नोंदींचा आढावा आला होता. त्यात फिलरनंतर दृष्टी गेलेल्या किंवा अधू झालेल्या ९८ रुग्णांची नोंद होती. चरबी भरण्याचे प्रकार त्यात सर्वांत जास्त होते, त्याखालोखाल हायल्युरॉनिक ॲसिड. जगभरात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांच्या मानाने ९८ हा आकडा फार लहान आहे, आणि मी तुला तो घाबरवायला सांगत नाही. पण रेटिनाचा रक्तपुरवठा तुटला की हातात फार तर तास-दीड तास असतो. एवढ्या वेळात फोनवरचे डॉक्टर गाडी काढून पोचतील का, हे तूच सांग.

दृष्टी जाण्यापेक्षा जास्त वेळा घडते ती त्वचेची गोष्ट, आणि ती ओळखणं सर्वस्वी तुझ्या नजरेवर अवलंबून असतं. इंजेक्शन देता देता एक पट्टा पांढरा पडतो. कधी काही मिनिटांनी जाळीसारखी निळसर-जांभळट नक्षी उमटते, आणि ती टोचलेल्या जागेपुरती राहत नाही. वरच्या ओठात दिलेलं असतं आणि रंग नाकपुडीच्या कडेला बदलतो, कारण धमनी तिकडे जाते. अशा वेळी अंगठ्याने त्वचा दाबायची, सोडायची आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. आयसीयूत नखावर हेच किती वेळा केलं असशील! चेहऱ्यावरही तेच कर, दोन्ही बाजूंना कर आणि तुलना कर. एका बाजूला रंग झटकन आला आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळला, तर पुढची सिरिंज उचलायची नाही. आणि "दुखतंय का?" या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नकोस. बऱ्याच फिलरमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं. रक्तपुरवठा तुटलेला असतानाही पेशंट "नाही, बरं वाटतंय" म्हणते.

दुसरा धोका घरी गेल्यावरचा. संध्याकाळी फोन येतो, "सिस्टर, थोडं निळं पडलंय, बर्फ लावू का?" रिसेप्शनवरची मुलगी चांगल्या मनाने "हो, लावा, दोन दिवसांत जाईल" म्हणते. साधा रक्ताचा डाग असेल तर जाईलही. पण दाबल्यावर पांढरं होऊन हळूहळू भरणारी, पसरणारी, जाळीदार निळाई हा डाग नव्हे. अशा वेळी बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. असा फोन आला तर तो थेट तुझ्याकडे किंवा डॉक्टरांकडे आला पाहिजे, उजेडात काढलेला फोटो लगेच मागवला पाहिजे, आणि शंका राहिली तर पेशंटला त्याच रात्री बोलावलं पाहिजे.

उपाय आहे आणि तो तुला माहीत आहे: हायल्युरोनिडेज. ते जेल विरघळवतं. धमनी अडकली असेल तर थेंब-थेंब देऊन भागत नाही. तो सगळा भाग भिजवावा लागतो, चोळावं लागतं, शेक द्यावा लागतो, आणि रंग परत येईपर्यंत तासातासाने पुन्हा बघून पुन्हा द्यावं लागतं. आता माझे प्रश्न. तुमच्या क्लिनिकमध्ये हायल्युरोनिडेजच्या किती व्हायल आहेत? एक असेल तर ती नसल्यासारखीच. मुदत कधी संपते? डॉक्टर नसताना ती वापरायची लेखी ऑर्डर तुझ्याकडे आहे का? हायल्युरोनिडेजची काहींना ॲलर्जी असते, मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाने ज्यांना मोठी रिॲक्शन आली आहे त्यांच्यात जास्त जपावं लागतं. मग अशा रिॲक्शनवरचं ॲड्रिनलिन कुठल्या कपाटात आहे, आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे? जवळच्या कुठल्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ तातडीने बघतील, त्यांचा नंबर भिंतीवर लावलाय का? आणि तुम्ही वापरता त्यात कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट किंवा पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचं फिलर आहे का? असेल तर हायल्युरोनिडेज त्याला विरघळवत नाही. ज्यावर उतारा नाही ते डॉक्टर खोलीत नसताना द्यायचंच नाही. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

या प्रश्नांची उत्तरं "हो, आहे, इथे आहे" अशी पटापट आली तर तुझी झोप आपोआप परत येईल. आली नाहीत तर कितीही चांगला हात असला तरी तू दोरीवर चालते आहेस आणि खाली जाळं नाही.

आता डॉक्टरांच्या फोनबद्दल. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, आणि ते बहुतेक ठिकाणी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध आहे. ते कुणाला द्यायचं हे ज्याने पेशंटला तपासलं त्यानेच ठरवायचं असतं. पेशंटला न बघता फोनवरून "दे" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. नर्सने काय करावं, कुणाच्या देखरेखीखाली करावं, याचे नियम देशागणिक आणि राज्यागणिक वेगळे आहेत. म्हणून तुझ्या नर्सिंग कौन्सिलकडे लेखी विचार आणि लेखी उत्तर जपून ठेव. वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते मात्र स्पष्ट आहे. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने १ जून २०२५ पासून, औषध लिहून देणाऱ्या नर्सनेही अशा सौंदर्योपचारांआधी पेशंटला प्रत्यक्ष समोर बघितलंच पाहिजे असं ठरवलंय. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीकृत नर्सला या क्षेत्रात येण्याआधी इतरत्र वर्षभर पूर्णवेळ नर्सिंग केलेलं असावं लागतं. म्हणजे तुझी आयसीयूची सहा वर्षं ही या कामाची पूर्वतयारीच झाली. नंतरचा तो दोन दिवसांचा कोर्स मात्र पुरेसा नाही. अशा कोर्समध्ये चेहऱ्याचे नकाशे दाखवतात आणि एकदोन मॉडेलवर हात बसवतात. जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून, त्याच्या नजरेखाली, पुन्हा पुन्हा देणं हे खरं शिक्षण, आणि ते मागून घे. कोर्सचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं म्हणून कुणी तयार होत नाही. विम्याचंही विचार: चूक झाली तर क्लिनिकचं संरक्षण तुला लागू होतं का, की फक्त डॉक्टरांना?

बोटॉक्स तू चालू ठेव. अर्थात डॉक्टरांनी पेशंटला तपासलेलं असेल आणि ऑर्डर लेखी असेल तरच. या औषधाची गोष्ट मला नेहमी आवडते. ॲलन स्कॉट नावाच्या नेत्रतज्ज्ञाने ते तिरळेपणासाठी वापरलं, १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कॅनडात जीन आणि ॲलिस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारावर उपचार करताना पेशंटच्या कपाळावरच्या आठ्या गेलेल्या पाहिल्या आणि १९९२ साली त्यावर लेख लिहिला. आठ्यांसाठीची मान्यता २००२ मध्ये आली. हे औषध स्नायूकडे जाणारा मज्जातंतूचा निरोप थांबवतं, आणि तीन-चार महिन्यांनी स्नायू पूर्ववत होतो. म्हणजे इथे चूक झालीच तर बहुधा काळ ती भरून काढतो. फिलरच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही.

तरी गाफील राहू नकोस. भुवयांच्या मध्ये बोटॉक्सचा नेहमीचा डोस २० युनिट, डिस्पोर्ट या त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडचा ५०. नाव वेगळं की युनिटचा हिशेब वेगळा, त्यामुळे घाईत दुसऱ्या ब्रँडची व्हायल उघडली तर सगळं गणित चुकतं. १०० युनिटच्या व्हायलमध्ये अडीच मिली सलाईन घातलं की ०.१ मिलीत ४ युनिट येतात. किती घातलं ते व्हायलवर तारीख-वेळेसकट तिथल्या तिथे लिही, लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नकोस. पेशंटला भुवया आवळायला सांग, स्नायू अंगठ्याखाली टणक झालेला जाणवू दे, त्याची शेपटी कुठे संपते ते बोटाने शोध, मगच खूण कर. डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या वरच्या कडेपासून एक सेंटिमीटर वर राहिलीस तर पापणी उतरण्याचा धोका बराच कमी होतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू कमजोर करणारा आजार) आहे का, गरोदर आहात का, दूध पाजता का, हे दर वेळी विचार, जुन्या पेशंटलाही. आणि परिणाम पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "अजून थोडं द्या" म्हणणाऱ्याला तारीख दे, औषध देऊ नकोस.

पीलबद्दल एकच सांगते, कारण तू ते हाताळतेस असं दिसतं. सावळ्या आणि गडद त्वचेवर पील जरा जास्त मुरलं तरी मागे काळे डाग राहतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. पीलबरोबर येणाऱ्या तक्त्यात दिलेले मिनिटं-सेकंद सगळ्यांसाठी सारखे लागू होत नाहीत. घड्याळापेक्षा त्वचेकडे बघ.

त्या मुलीकडे येते. तू नाही म्हटलंस ते बरोबर केलंस, आणि तुझ्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. पाच महिन्यांत तिसऱ्यांदा ओठ भरले की जेल ओठाच्या रेषेबाहेर सरकते, वरचा ओठ आणि नाक यांच्यामधली जागा फुगीर दिसू लागते, आणि मग ते झाकायला आणखी भरावंसं वाटतं. अशा वेळी कधीकधी बरोबर उपचार म्हणजे असलेलं फिलर विरघळवणं. पण तिच्या मनाचाही विचार करायला हवा. आपल्या दिसण्यातलं एखादं व्यंग, जे दुसऱ्याला दिसतही नाही किंवा जेमतेम दिसतं, त्यानेच दिवसभर मन व्यापून टाकणं हा एक आजार आहे. त्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, आणि आपल्यासारख्या क्लिनिकमध्ये अशी माणसं इतर ठिकाणांपेक्षा जास्त येतात. इंजेक्शनने त्यांना बरं वाटत नाही, दोन आठवड्यांनी दुसरी जागा सापडते. तिला तो आजार आहे असं मी इथून म्हणू शकत नाही, तूही म्हणू नकोस. तू विचारू मात्र शकतेस. दिवसातून किती वेळ याचा विचार येतो? यामुळे कुठे जायचं टाळलंस का? मागच्या वेळी किती दिवस समाधान वाटलं? "तू सुंदरच आहेस गं" असं म्हणू नकोस. ते तिने खूप वेळा ऐकलेलं असतं आणि तिला वाटतं आपलं कुणी ऐकून घेत नाही.

पुढच्या वेळी नाही म्हणायची वेळ आली तर असं म्हणून बघ: "आज मी देणार नाही, कारण आत्ता दिलं तर आकार बिघडेल. तीन महिन्यांनी ये, आजचा फोटो मी ठेवते, आपण दोघी मिळून बघू." यात नकार स्पष्ट आहे, आणि दारही बंद झालेलं नाही. मग तिच्या केसपेपरवर लिही: काय मागितलं, का दिलं नाही, काय सांगितलं, सही, वेळ. दुसऱ्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी ती नोंद वाचूनच ठरवावं लागलं असतं. तिच्यावर रागावू नकोस, तिच्यावरही तोच इन्सेंटिव्हचा दट्ट्या आहे. इन्सेंटिव्हबद्दल दोघी मिळून मॅनेजरकडे गेलात तर जास्त उपयोग होईल. आणि वयाचा दाखला बघायची सवय लाव. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठराखालच्या कुणालाही केवळ दिसण्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं गुन्हा आहे. तुझ्याकडे तसा कायदा असो नसो, तू तो स्वतःपुरता पाळ.

सिरिंजमागे पैसे मिळणं ही पद्धतच मला चुकीची वाटते. जिच्या नकारावर पेशंटची सुरक्षितता अवलंबून आहे तिचा पगार होकारावर ठेवायचा नसतो. ठरावीक पगार माग, थोडा कमी मिळाला तरी चालेल.

मैत्रिणींना उत्तर द्यायचं असेल तर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातली घटना सांग. तिथल्या एका विनापरवाना स्पामध्ये २०१८ साली रक्तातले प्लेटलेट काढून चेहऱ्यावर मायक्रोनीडलिंग केलं जायचं. तपासणीत ओट्यावर नावं न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या, इंजेक्शनची औषधं खाण्याच्या पदार्थांबरोबर फ्रिजमध्ये होती, एकदा वापरून फेकायचं साहित्य पुन्हा वापरलं जात होतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये अहवाल दिला की तिथल्या तिघींना एचआयव्हीची लागण बहुधा या उपचारातूनच झाली. त्या खोलीत नळीवर नाव लिहिणारी, सुई शार्प्स बॉक्समध्ये टाकणारी, हातमोजे बदलणारी एक सिस्टर असती, तर त्या तिघी आज निरोगी असत्या. नर्सिंग आणखी वेगळं काय असतं?

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण विचारते. क्लिनिकचा चेहरा म्हणून तुलाच फिलर घ्यायला, नव्या मुलींना सरावासाठी तुझं कपाळ द्यायला सांगतात का? सांगत असतील तर हवं असेल तरच घे. आणि नातेवाईक घरी बोलावून "आमच्याकडेच दे ना" म्हणाले तर सरळ नाही म्हण. घरात ना उतारा असतो, ना डॉक्टर, ना कागद.

आता डॉक्टरांशी बोल. मॅनेजरशी आधी बोलू नकोस, त्यांच्या हातात यातलं फारसं काही नाही. डॉक्टर येतील त्या दिवशी पंधरा मिनिटं माग आणि म्हण: "फिलर मी तुम्ही इमारतीत असतानाच देईन. हायल्युरोनिडेजचा पुरेसा साठा आणि ते वापरायची लेखी ऑर्डर हवी. धमनी अडकली तर काय करायचं याची आपण सगळ्यांनी एकदा घड्याळ लावून तालीम करूया. नव्या पेशंटला तुम्ही बघितल्याशिवाय मी सुई उचलणार नाही." आवाज चढवू नकोस आणि माफीच्या सुरातही बोलू नकोस. त्याच संध्याकाळी "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून ईमेल टाक.

चांगला डॉक्टर असेल तर त्याला बरंच वाटेल, कारण अपघात झाला तर पहिली नोटीस त्याच्याच नावाने येते. त्याने टाळाटाळ केली तर महिन्याभराची मुदत मनाशी धर आणि त्या काळात फिलरशिवायची कामं कर. तेवढ्यात दुसरीकडे चौकशी सुरू कर. मुलाखतीला गेलीस की पगार विचारण्याआधी विचार, "तुमचा हायल्युरोनिडेज कुठे ठेवता?" ज्या क्लिनिकमध्ये कुणीतरी लगेच उठून कपाट उघडून दाखवेल, तिथे रुजू हो.